धरणाच्या पायथ्याचे गढूळ पाणी

मातीचे प्रत्येक धरण थोडेफार पाझरते. हे वाचून धरणाखालच्या गावात राहणाऱ्याच्या पोटात गोळा येईल, पण त्यात घाबरण्याजोगे काही नाही. माती आणि मुरूम दाबून केलेल्या बांधातून पाणी वाट काढणारच. ते ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या प्रमाणात आणि स्वच्छ बाहेर पडावे, अशीच त्या बांधाची रचना असते. चिंतेची वेळ येते ती पाण्याचा रंग बदलल्यावर.

पायथ्याशी झिरपणारे पाणी नितळ असेल, तर धरणातून फक्त पाणी बाहेर येते आहे. तेच पाणी गढूळ झाले, तर त्याच्याबरोबर धरणही थोडे थोडे बाहेर येते आहे. मातीच्या धरणाच्या सुरक्षिततेबद्दल सामान्य माणसाला एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही. खोकला सगळ्यांनाच होतो, पण थुंकीत रक्त दिसले की त्याच खोकल्याकडे डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतो, तसेच हे.

धरणाच्या आत काय चालते ते आधी पाहू. मध्यभागी चिकण काळ्या मातीचा गाभा असतो. अभियंते त्याला हार्टिंग म्हणतात. पाणी अडवण्याचे मुख्य काम त्याचे. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे आवरण असते, ते केसिंग. पाण्याकडच्या बाजूला लाटांनी माती धुपू नये म्हणून दगडांचे पिचिंग आणि जास्तीचे पाणी बाजूने निघून जावे म्हणून सांडवा. चांगल्या धरणात गाभ्याच्या मागे वाळू-खडीची गाळणी असते. पाण्याला जाऊ द्यायचे आणि मातीचे कण अडवायचे, हे तिचे काम.

ही गाळणी नसेल, नीट केलेली नसेल किंवा पाण्याला तिला टाळून जाणारी वाट सापडली असेल, तर कण सुटू लागतात. झीज बहुधा बाहेरच्या तोंडाशी सुरू होते आणि उलटी, जलाशयाच्या दिशेने सरकत जाते. बांधाच्या पोटात एक नळी तयार होते. तिला पाइपिंग म्हणतात. नळी रुंदावली की पाणी वाढते, पाणी वाढले की माती अधिक वेगाने वाहते आणि नळी आणखी रुंदावते. सुरुवातीला हे वर्षानुवर्षे चालू शकते. शेवट मात्र काही तासांत होतो. नळीचे एक टोक जलाशयाला जाऊन भिडले की वरची माती खचते, भगदाड पडते आणि धरण फुटते.

जगभरातील मातीच्या धरणांच्या फुटीचा हिशेब मांडला, तर ढोबळमानाने निम्म्या घटना अशा आतल्या झिजेच्या असतात. जवळपास उरलेल्या निम्म्यांत सांडवा अपुरा पडतो किंवा तुंबतो आणि पाणी माथ्यावरून वाहू लागते. काँक्रीटच्या भिंतीवरून थोडा वेळ पाणी वाहिले, तर ती बहुधा टिकते. मातीच्या बांधाला ते सोसत नाही. सांडव्याच्या तोंडाशी वाढलेली झुडपे, अडकलेले ओंडके, मासेमारीसाठी लावलेल्या जाळ्या या गोष्टी म्हणूनच दिसतात तितक्या किरकोळ नाहीत.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. मुसळधार पाऊस होता, रात्रीचे साडेनऊ वाजत आले होते. खालच्या भेंदवाडीतील डझनभर घरे वाहून गेली. बेपत्ता धरून वीसहून अधिक माणसे गेली. त्यांत एकाच कुटुंबातील अनेक जण होते. धरण बांधून वीस वर्षेही झालेली नव्हती. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या आणि काही डागडुजी झाल्याचेही नंतर सांगण्यात आले. म्हणजे लक्षण दिसले होते आणि ज्यांना दिसले त्यांनी ते सांगितलेही होते.

त्यानंतर काही दिवस महाराष्ट्रात चर्चा रंगली ती खेकड्यांची. धरण खेकड्यांनी पोखरले, असे विधान तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी केले आणि त्यावर भरपूर विनोद झाले. विनोद बाजूला ठेवून मुद्द्याकडे पाहायला हवे. प्राण्यांची बिळे ही मातीच्या बांधांची खरी समस्या आहे. घुशी, उंदीर, साळिंदर, खेकडे असे अनेक जीव बांधात घर करतात. परदेशांतही धरणांच्या देखभालीच्या पुस्तिकांत बिळे करणाऱ्या प्राण्यांवर प्रकरणेच्या प्रकरणे असतात. बिळामुळे पाण्याची वाट आखूड होते. झाडांच्या मुळांचेही तसेच. झाड उभे असते तोवर मूळ जागा अडवून बसते, झाड मेले की कुजलेल्या मुळाच्या जागी आयती नळी राहते.

पण बीळ एका रात्रीत होत नाही. ते दिसते, मोजता येते, बुजवता येते. जखमेत किडे पडून रुग्ण दगावला, असे कुणी सांगितले तर पुढचा प्रश्न हाच असणार, की इतके दिवस ड्रेसिंग कोणी केले नव्हते? खेकडे होते हे वादापुरते मान्य केले, तरी देखभालीचा प्रश्न संपत नाही, उलट तो तिथूनच सुरू होतो.

धरण लहान असेल तर धोकाही लहान, हा समज खोडून काढणाऱ्या दोन घटना अमेरिकेत दीड वर्षाच्या आत घडल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली आयडाहो राज्यातील टेटन धरणाची. मातीचे हे धरण नव्वद मीटरहून उंच होते आणि पहिल्यांदाच भरत होते. ५ जून १९७६ च्या सकाळी सातच्या सुमारास त्याच्या कडेला गढूळ पाणी दिसले. भगदाड बुजवायला बुलडोझर पाठवले, ते त्यातच कोसळले. दुपारी बाराला तीन मिनिटे कमी असताना धरण फुटले आणि सुमारे तीस कोटी घनमीटर पाणी खाली धावले. खालची गावे उद्ध्वस्त झाली. मृत्यू झाले ११.

दुसरी जॉर्जिया राज्यातील टोकोआ गावाजवळच्या केली बार्न्स धरणाची. हे बारा मीटरही उंच नसलेले जुने मातीचे धरण. वीजनिर्मिती १९५७ मध्ये थांबलेली, त्यानंतर तळे फक्त सहलीपुरते उरलेले. उतारावर झाडे वाढली होती, १९७३ मध्ये उताराचा एक भाग घसरलाही होता. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी, काही दिवसांच्या पावसानंतर, मध्यरात्र उलटून एक-दीडच्या सुमारास ते फुटले. पाणी होते जेमतेम पावणेआठ लाख घनमीटर, म्हणजे टेटनच्या साडेतीनशेव्या भागाहूनही कमी. खाली एका महाविद्यालयाची वसाहत झोपेत होती. मृत्यू झाले ३९, त्यांत बरीच लहान मुले.

पाणी साडेतीनशे पट कमी आणि मृत्यू तिप्पट. फरक पडला तो वेळेने. टेटनखालच्या लोकांना दिवसाउजेडी काही तासांची सूचना मिळाली, टोकोआच्या लोकांना अंधारात काहीच मिळाली नाही. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ रिक्लमेशनमधील वेन ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८८ मध्ये जुन्या धरणफुटींवरून एक अंदाज बांधला होता. पंधरा मिनिटांपेक्षा कमी सूचना मिळाली, तर पुराच्या वाटेतील निम्म्यापर्यंत माणसे जाऊ शकतात. सूचना दीड तासाहून अधिक असेल, तर हे प्रमाण दहा हजारांमागे दोनवर येते. नंतर हे सूत्र सुधारले गेले, पण त्याचा रोख बदलला नाही. वैद्यकात असा परिणाम देणारे औषध क्वचितच सापडते.

पुणेकरांना हे वेगळ्या रीतीने ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण पहिल्याच भरणीत फुटले. विमोचकाचे काम अपुरे असताना पाणी अडवले गेले होते. आदल्या दिवशी आणि रात्रभर लष्कराच्या जवानांनी खचणाऱ्या बांधावर वाळूच्या पोत्यांचे थर रचले. धरण वाचले नाही, पण ते फुटले तेव्हा सकाळ झाली होती. ते रात्रीच गेले असते तर काय झाले असते, याची कल्पना नदीकाठच्या पेठांत वाढलेल्या कुणालाही करता येईल.

आता आपल्या छोट्या धरणांकडे वळू. महाराष्ट्रात मोठ्या धरणांच्या व्याख्येत बसणारी धरणेच दोन हजारांहून अधिक आहेत. देशात इतकी दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाहीत. त्यांच्यापलीकडे पाझर तलाव, गाव तलाव आणि साठवण तलाव वेगळेच. यांतले कितीतरी १९७२ च्या दुष्काळात, हाताला काम देण्यासाठी सुरू झालेल्या कामांतून उभे राहिले. डोक्यावर पाट्या वाहून बायाबापड्यांनी हे बांध घातले. आज ते पन्नाशी ओलांडलेले आहेत. विहिरींना पाणी देण्याबरोबरच ते पावसाचा पहिला जोर अंगावर घेतात आणि ओढ्याचा पूर थोपवतात.

अशा तलावांबाबत एक गैरसमज आहे. तलावच पाझर तलाव, मग पाझरला तर बिघडले कुठे? पाझरायचे असते ते तळातून, जमिनीत खोल. बांधाच्या अंगातून नव्हे. दुसरे असे, की हे तलाव उन्हाळ्यात बहुधा कोरडे पडतात. काळी माती वाळली की भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. गाभ्यावरचे मुरमाचे आवरण धुपून गेले असेल, तर भेगा आत उतरतात आणि जूनमध्ये पाणी एकदम चढले की आयती वाट तयार असते. दर वर्षी भरणाऱ्या धरणापेक्षा चार-पाच वर्षांनी एकदा तुडुंब भरणाऱ्या तलावाकडे म्हणून जास्त लक्ष हवे. ज्या वर्षी तो भरतो, ते त्याच्यासाठी जवळपास पहिलेच वर्ष असते. मधल्या काळात कोरड्या तलावाखालच्या ओढ्याकाठी घरे, गोठे, कधी अंगणवाडीही उभी राहिलेली असते. बांध तोच राहतो, धोका मात्र वाढतो.

कायद्याचे काय? तिवऱ्याच्या घटनेनंतर महिन्याभरात, २ ऑगस्ट २०१९ रोजी, धरण सुरक्षा विधेयक लोकसभेत मंजूर झाले. कायदा प्रत्यक्ष लागू झाला ३० डिसेंबर २०२१ पासून. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची, धोक्यानुसार वर्गवारी, आणि जुन्या धरणांसाठी पाच वर्षांच्या आत आपत्कालीन कृती आराखडा, अशा चांगल्या तरतुदी त्यात आहेत. पण हा कायदा आहे पंधरा मीटरहून उंच धरणांसाठी आणि दहा ते पंधरा मीटरांमधील, लांबी किंवा साठ्यासारख्या काही अटींत बसणाऱ्या धरणांसाठी. दहा मीटरांखालचा पाझर तलाव त्यात येत नाही. त्याची जबाबदारी कुठे जिल्हा परिषदेची, कुठे मृद व जलसंधारण विभागाची. तो नेमका कोणाचा, हे गावालाही पुष्कळदा ठाऊक नसते. आजारी माणसाने कोणत्या खिडकीवर केसपेपर काढायचा, इथूनच सुरुवात असेल तर उपचाराला उशीर ठरलेलाच.

म्हणून पहिले काम सोपे आणि फुकटचे आहे. आपल्या वरच्या अंगाला असलेला तलाव कोणाच्या ताब्यात आहे, शाखा अभियंता कोण, त्यांचा फोन कोणता, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवणे. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांकही शेजारी हवेत.

दुसरे काम पाहण्याचे. उन्हाळ्यात बांधाच्या खालच्या उतारावर एखादाच पट्टा हिरवागार दिसतो का? तिथे आत ओल आहे. माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग पडली आहे का, एखादा भाग बसला आहे का, उतारावर फुगवटा आला आहे का, पिचिंगचे दगड निसटले आहेत का? पायथ्याजवळ जमिनीतून पाणी बुडबुडत वर येते आणि भोवती वाळूचे छोटे वारूळ साचते, असे कुठे आहे का? जलाशयात, सांडव्यापासून दूर, भोवरा फिरताना दिसला तर तो सर्वांत वाईट. तेव्हा वाट बघत बसू नये.

पाझराची नोंद ठेवायला यंत्र लागत नाही. पाणी जिथून बाहेर पडते तिथे बादली धरायची आणि ती भरायला किती सेकंद लागले, ते मोबाइलवर मोजायचे. शेजारी तलावाची पातळी आणि तारीख लिहायची. पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली, तर काहीतरी बदलले आहे. काचेच्या स्वच्छ बाटलीत ते पाणी भरून तासभर स्थिर ठेवायचे. तळाला गाळ बसला, तर बाटलीवर तारीख टाकून फोटो काढायचा आणि लेखी तक्रार द्यायची. ‘धरण गळते’ या तक्रारीपेक्षा ‘मागच्या आठवड्यात चाळीस सेकंदांत भरणारी बादली आज पंचविसात भरली आणि गाळ आला’ ही तक्रार टोलवणे अवघड असते. तोंडी सांगितलेले लक्षण आणि कागदावरचा तापाचा तक्ता यांत जो फरक, तोच इथे. शाळेतील नववी-दहावीची मुले विज्ञानाचा उपक्रम म्हणून हे सहज करू शकतील. मात्र तपासणी कोरड्या दिवशी, उजेडात आणि मोठ्यांच्या सोबतीने. पाऊस कोसळत असताना बांधाखाली कोणीही जायचे नाही.

एक चूक मात्र हमखास होते. पाझर दिसला की लोक त्या तोंडावर चिकण माती थापतात. हे गळवाला बाहेरून पट्टी लावून पू कोंडण्यासारखे आहे. पाणी आत तुंबते, दाब वाढतो आणि ते दुसरीकडून, अधिक जोराने फुटते. अभियंते याच्या नेमके उलटे करतात. तोंडावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठे दगड असे थर रचतात. पाणी निघत राहते, माती अडते. तेही अभियंत्याच्या देखरेखीखालीच आणि पाझर अजून आटोक्यात असतानाच. गढूळ पाणी वाढत चालले असेल, तर दुरुस्तीआधी वाडी रिकामी करायची.

यासाठी वाट आधी ठरलेली हवी. ओढ्याकाठचा रस्ता सोयीचा असला तरी त्या रात्री तो पाण्याचाच रस्ता होतो. ओढा न ओलांडता चढावर नेणारी पायवाट, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कोणती बाई बाळंतीण आहे, हे आशाताईला सर्वांत आधी ठाऊक असते, म्हणून तिचे नाव या आराखड्यात असायला हवे. मोबाइलची रेंज पावसात जाते, देवळाची घंटा आणि मशिदीचा भोंगा जात नाही.

फुटल्यानंतरच्या आरोग्याबद्दल थोडे. नदीचा पूर चढायला वेळ घेतो, धरणफुटीचे पाणी भिंतीसारखे येते आणि दगड, ओंडके, पत्रे घेऊन येते. त्यामुळे अशा घटनेत बुडण्याबरोबर डोक्याला आणि छातीला मार लागून माणसे जातात. वाचलेल्यांच्या जखमांत चिखल असतो. त्या लगेच शिवून बंद न करता भरपूर धुवाव्या लागतात आणि धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे लागते. विहिरींचा उपसा करून टीसीएल पावडर टाकल्याशिवाय पाणी प्यायचे नाही. कोकणात लेप्टोचा धोका वेगळा. चिखलात काम केलेल्याला पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, डोळे लाल होणे यांतले काही झाले, तर अंगावर काढू नये. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन देतात, पण ते आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना ते चालत नाही.

सर्वांत जास्त काळ टिकते ते मनाचे दुखणे. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीकच्या दरीत कोळसा खाणीच्या कचऱ्याचा बांध फुटला. १२५ माणसे गेली, चार हजारांवर बेघर झाली. तिथल्या वाचलेल्यांचा मनोविकारतज्ज्ञांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. दोन वर्षांनी तपासलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आघातोत्तर तणावाचा विकार होता. चौदा वर्षांनीही तो २८ टक्क्यांना होता. पाऊस सुरू झाला की झोप उडणे, कपडे अंगावर ठेवूनच रात्र काढणे, दरीच्या वरच्या अंगाकडे पुन्हा पुन्हा बघणे. आपण आधी सांगत होतो आणि कोणी ऐकले नाही, ही भावना त्यात असेल तर दुःख अधिकच चिघळते. अशा वाडीतील माणसे दवाखान्यात येतात ती छातीत धडधडते, डोके दुखते, भूक लागत नाही अशा तक्रारी घेऊन आणि बहुतेकदा येतात जूनमध्ये. तपासताना रक्तदाबाबरोबर, पाऊस लागला की झोप येते का, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची फेरी अशा गावांत घटनेनंतर तर हवीच, पण पुढच्या किमान दोन-तीन पावसाळ्यांच्या तोंडाशी, मे महिन्याच्या अखेरीसही ठेवायला हवी.